विकनबर्गचे ‘तुरुंगाचे झाड’ आणि त्याच्याखालचे पाणी

आपला प्रश्न असा आहे. फिनिक्सहून वायव्येकडे जाताना आपण ॲरिझोनातील विकनबर्ग या लहान गावात थांबलात आणि जुन्या बाजारपेठेत, टेग्नर स्ट्रीट आणि विकनबर्ग वे या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, ‘जेल ट्री’ म्हणून ओळखले जाणारे मेस्किटचे झाड पाहिलेत. गावात तुरुंग नव्हता म्हणून १८६३ ते १८९० या काळात गुन्हेगारांना या झाडाला साखळीने बांधून ठेवत आणि कोणी निसटल्याचे ऐकिवात नाही, असे तिथली पाटी सांगते. झाड दोनशे वर्षांचे असल्याचेही सांगितले जाते. आपल्या गावाकडच्या वडाच्या किंवा चिंचेच्या मानाने त्याचे खोड आपल्याला फारच किरकोळ वाटले, आणि भोवती सगळीकडे डांबर, वाहने आणि दुकाने असताना ते जगते तरी कसे, असा प्रश्न पडला. वय खरे मानावे का, साखळीची कथा खरी मानावी का आणि असे झाड जपायचे असेल तर काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. झाडाभोवती आपल्याकडच्यासारखा पार असता तर बरे झाले असते, असे आपण लिहिले आहे, आणि त्या वाटेने पुन्हा जाणार असल्याचेही.

मी गेली बावीस वर्षे शहरांतील जुन्या झाडांच्या परीक्षणाचे काम करते. त्यांपैकी पहिली अकरा पुण्यात गेली आणि नंतरची ॲरिझोनात. विकनबर्गच्या या झाडाची तपासणी माझ्याकडे कधी आलेली नाही, परंतु त्या रस्त्याने जाताना मी त्याच्यापाशी अनेकदा थांबले आहे, आणि त्याच जातीच्या शेकडो झाडांची मुळे, खोडे आणि मरणे मी जवळून पाहिली आहेत. त्या आधारावर मी उत्तर देते. वय संभाव्य आहे, पण सिद्ध झालेले नाही. कथेचा गाभा पटण्याजोगा आहे, तिची टोके मात्र पटत नाहीत. आणि झाड कशावर जगते आहे याचे उत्तर रस्त्याच्या पातळीवर मिळत नाही, ते गावाच्या पूर्वेकडून जाणाऱ्या हॅसयाम्पा नदीच्या वाळूखाली शोधावे लागते. मला यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहेत.

आधी झाडाची ओळख करून घ्यावी लागेल. मेस्किट हे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्फत आलेले आहे. ॲरिझोनाच्या या भागातील देशी मेस्किट म्हणजे वेल्व्हेट मेस्किट. त्याच्या पानांवर आणि कोवळ्या शेंगांवर अतिशय बारीक, मखमलीसारखी लव असते. महाराष्ट्रातील वाचकाला हे झाड पाहताच ओळखीचे वाटते आणि त्याला कारणही आहे. सोलापूर, मराठवाडा आणि नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात माजलेली वेडी बाभूळ, अर्थात विलायती बाभूळ, ही मेस्किटचीच सख्खी बहीण आहे. इंग्रजांच्या काळात १८७७ च्या सुमारास तिचे बी जमैकाहून दक्षिण भारतात आणले गेले. जळणासाठी आणि उजाड जमिनी हिरव्या करण्यासाठी लावलेले हे झाड पुढे कुरणे आणि ओढ्यांचे काठ गिळत गेले. आपली शमी हीदेखील याच नात्यातली. कालपरवापर्यंत मेस्किट, वेडी बाभूळ आणि शमी ही तिन्ही झाडे प्रोसोपिस या एकाच प्रजातिनामाखाली होती. २०२२ मध्ये वर्गीकरण बदलले, मेस्किट आणि वेडी बाभूळ ही अमेरिकेकडची झाडे नेल्टुमा या नावाखाली गेली आणि शमी प्रोसोपिसमध्येच राहिली. हे सांगण्याचे कारण असे की, वेड्या बाभळीवरून मनात बसलेला राग घेऊन विकनबर्गच्या झाडाकडे पाहू नये. तिकडे ते उपरे नाही. यावापाई आणि ओ’ओधाम हे तिथले मूळ रहिवासी त्याच्या गोड शेंगा वाळवून, कुटून त्यांचे पीठ करत. खोडातून पाझरणारा काळपट डिंक रंगासाठी वापरला जात असे. खाणकामगार येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या नदीकाठी माणसे या झाडावर पोट भरत होती.

आता पाण्याविषयी. हॅसयाम्पा ही वर्षातील बहुतेक काळ, तिच्या बहुतेक लांबीत, कोरड्या वाळूचे पात्र म्हणून दिसते. पाणी असते, परंतु वाळूच्या आतून सरकते. म्हणूनच तिला उलटी नदी म्हणतात, आणि यावापाई भाषेतून आलेल्या तिच्या नावाचा अर्थही दडलेल्या पाण्याशी जोडला जातो. विकनबर्गला वर्षाकाठी साधारण ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही दोन तुकड्यांत. थोडा हिवाळ्यात संथपणे येतो आणि थोडा जुलै-ऑगस्टच्या वादळांतून कोसळतो. एवढ्या पावसावर मोठे झाड उभे राहू शकत नाही. नदीच्या गाळात साठलेल्या भूजलापर्यंत ज्याचे मूळ पोहोचते तेच झाड तिथे वृक्ष होते, आणि ज्याचे पोहोचत नाही ते खुरट्या झुडपाच्या रूपात राहते. एकाच जातीची दोन झाडे एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटरवर असूनही एक पुरुषभर उंचीचे झुडूप आणि दुसरे दहा-बारा मीटरचा वृक्ष, असे दृश्य तिथे सर्रास दिसते, आणि त्यांतील फरक बहुधा पाण्याच्या खोलीचा असतो.

मेस्किटचे मूळ या बाबतीत असामान्य आहे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीनुसार, दक्षिण ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळच्या एका उघड्या खाणीत जमिनीपासून सुमारे ५३ मीटर खोलीवर मेस्किटची जिवंत मुळे सापडली होती. प्रत्येक मेस्किट इतके खोल जाते असे मुळीच नाही. जिथे पाणी जवळ आहे तिथे मूळ उगाच खोल जात नाही. परंतु या झाडाच्या मुळांच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सोटमूळ सरळ भूजलाकडे उतरते, तर आडवी मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-एक मीटरच्या थरात झाडाच्या विस्ताराच्याही बाहेरपर्यंत पसरून पावसाची ओल टिपतात. ॲरिझोनातच झालेल्या मापनांतून असेही दिसले आहे की ही मुळे पाण्याची ने-आण करतात. पाऊस पडला की वरची ओल सोटमुळातून खाली पोहोचवली जाते, आणि कोरड्या दिवसांत रात्रीच्या वेळी खालचे पाणी वरच्या मातीत सोडले जाते. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा झाडाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. तोपर्यंत मी खोडापासून वर पाहत असे.

या पार्श्वभूमीवर वयाचा प्रश्न घेऊ. खोड किरकोळ दिसते म्हणून झाड तरुण, हा निष्कर्ष मेस्किटच्या बाबतीत चुकीचा ठरतो. वड पारंब्या टाकून आपला विस्तार वाढवत जातो, चिंच चांगल्या जमिनीत भक्कम खोड धरते, पण मेस्किटची वाढ पाण्याच्या उपलब्धतेप्रमाणे कधी भरभर तर कधी जवळजवळ थांबल्यासारखी होते. शिवाय तोड, वणवा किंवा कडाक्याची थंडी यांमुळे वरचा भाग गेला, तर जमिनीखाली असलेल्या बुडख्याच्या डोळ्यांतून ते पुन्हा फुटते आणि बहुधा एकाऐवजी तीन-चार खोडे धरते. त्यामुळे बुडखा एका शतकातला आणि आपण पाहतो ते खोड पुढच्या शतकातले, असे सहज होऊ शकते. ‘झाडाचे वय किती’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या भागाचे वय’ हा प्रश्न विचारावा लागतो.

तरी एक साधा हिशेब करता येतो. झाड आज दोनशे वर्षांचे मानले, तर ते १८२० च्या दशकात उगवले आणि १८६३ मध्ये सुमारे चाळीस वर्षांचे होते. नदीच्या गाळाच्या जमिनीत, पाणी हाताशी असताना, चाळीस वर्षांत मेस्किटचे खोड माणसाच्या मांडीइतके किंवा त्याहून जाड होऊ शकते, आणि साखळी अडकवायला तेवढे पुरेसे आहे. म्हणजे वयाचा आकडा आणि कथेतील काळ हे परस्परविरोधी नाहीत. मात्र परस्परविरोध नसणे आणि पुरावा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या झाडांच्या पाट्यांवर ‘दोनशे’, ‘पाचशे’, ‘हजार’ असे पूर्ण आकडे दिसले, आणि वर्षे सरली तरी ते तसेच राहिले, की ते अंदाजाने लिहिलेले आहेत असे मी धरून चालते.

वर्षवलये मोजून हा प्रश्न का सोडवत नाहीत, असे आपल्या मनात आले असेल. वलयांवरून काळ ठरवण्याचे शास्त्र ज्या भूमीत वाढले ती ॲरिझोनाच आहे. खगोलशास्त्राकडून झाडांकडे वळलेले ए. ई. डग्लस यांनी टूसॉन येथील विद्यापीठात १९३७ मध्ये त्यासाठी प्रयोगशाळा उभी केली. परंतु डग्लस यांनी काम केले ते मुख्यतः पाइनसारख्या झाडांवर, ज्यांच्या लाकडात दर वर्षाची रेघ ठसठशीत उमटते. मेस्किटमध्ये वलयांच्या सीमा पुसट असतात, आणि वर्षात दोन पावसाळे असल्यामुळे एकाच वर्षात दोन रेघांचा भास होऊ शकतो. त्यातच म्हाताऱ्या मेस्किटचा गाभा बहुधा कुजून पोकळ झालेला असतो, म्हणजे सर्वांत जुनी आणि नेमकी आपल्याला हवी असलेली वर्षेच नाहीशी झालेली असतात. नमुना घेण्यासाठी खोडाला भोक पाडावे लागते आणि प्रत्येक भोक हे बुरशीला दिलेले दार असते. तरुण झाड ते दार बंद करू शकते, म्हाताऱ्या झाडाकडे तेवढे बळ शिल्लक असेलच असे नाही. माझ्यावर हा निर्णय सोपवला, तर केवळ पाटीवरचा आकडा खरा करण्यासाठी मी या खोडाला गिरमिट लावू देणार नाही. गावातील जुनी छायाचित्रे वर्षवार लावून त्यांतील खोडाची जाडी शेजारच्या इमारतींच्या मापांशी ताडून पाहणे, हा अधिक सभ्य मार्ग आहे.

साखळीच्या कथेकडे येऊ. प्रशियात जन्मलेल्या हेन्री विकनबर्गला १८६३ मध्ये व्हल्चर खाणीचे सोने सापडले आणि त्या सोन्याच्या आधाराने नदीकाठी हे गाव वसले. ॲरिझोना हा स्वतंत्र प्रदेश म्हणून त्याच वर्षी फेब्रुवारीत अस्तित्वात आला होता, त्याला राज्याचा दर्जा मिळायला १९१२ उजाडले. सरहद्दीवरच्या अशा वस्तीत सुतार, लोहार, गुत्ता आणि दुकान आधी येते, न्यायालय व कोठडी फार नंतर येते. यूमा येथील प्रादेशिक तुरुंग १८७६ मध्ये सुरू झाला. त्याआधी आणि नंतरही, विकनबर्गमध्ये पकडलेल्या माणसाला प्रेस्कॉटकडे किंवा मॅरिकोपा परगणा १८७१ मध्ये वेगळा झाल्यावर फिनिक्सकडे नेईपर्यंत कुठेतरी ठेवणे भागच होते. दोन्ही गावे घोड्यावरून एका दिवसात उरकण्यासारखी नव्हती. उन्हाळ्यात जिथे पारा चाळिशीला टेकतो तिथे उघड्यावर बांधलेला माणूस संध्याकाळपर्यंत जिवंत राहील याची खात्री नसते, म्हणून सावली हवी. साखळी तुटू नये इतके कठीण लाकूड हवे, आणि राखणदाराला समोरच्या दुकानाच्या ओसरीवरून दिसेल अशी जागा हवी. गावाच्या मधोमध असलेले मेस्किट या तिन्ही गरजा भागवते. त्यामुळे कथेचा मूळ भाग मला पटतो.

सत्तावीस वर्षे एकच झाड, एकच साखळी आणि एकही पलायन नाही, हे मात्र मी वस्तुस्थिती म्हणून स्वीकारणार नाही. त्या गावातच एक जुनी समजूत आहे की जो हॅसयाम्पाचे पाणी पितो तो पुन्हा कधी खरे बोलत नाही, आणि गावकऱ्यांनी ती अभिमानाने जपली आहे. गावापासून दूर, व्हल्चर खाणीच्या ओसाड वस्तीत, आयर्नवुड या अतिशय कठीण लाकडाच्या वाळवंटी जातीचे एक झाड आहे. त्यावर अठरा जणांना फाशी दिल्याचे सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील डर्बी गावाजवळ आपल्या गोरखचिंचेच्या भाऊबंदांपैकी एक प्रचंड बोआब ‘तुरुंगाचे झाड’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या पोकळ खोडात आदिवासी कैद्यांना डांबत असत, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली, पण अभ्यासकांनी कागदपत्रे तपासली तेव्हा तसा वापर झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट ते झाड तिथल्या आदिवासींच्या दृष्टीने पवित्र आहे, हे त्या कथेने झाकले जात होते. विकनबर्गच्या झाडाची गोष्ट तितकी पोकळ आहे असे मी म्हणत नाही. परंतु अशा झाडांभोवती कथा कशा वाढतात हे डर्बीने दाखवून दिले आहे, आणि दर वेळी एखादा जुना थर त्या कथेखाली गाडला जातो. विकनबर्गमध्ये तो थर यावापाई लोकांचा आहे. झाडाला कैदी बांधले जात होते त्याच वर्षांत, १८७५ च्या हिवाळ्यात, हजाराहून अधिक यावापाई आणि अपाचे माणसांना त्यांच्या भूमीतून हाकलून डोंगरवाटांनी सॅन कार्लोस येथील राखीव वस्तीपर्यंत चालवत नेले गेले. या झाडाची शेंग ज्यांचे अन्न होती ते लोक गेले आणि झाड तुरुंग म्हणून ओळखले जाऊ लागले. माझ्या मते पाटीवर या दोन्ही गोष्टी असायला हव्यात.

झाडाच्या खोडावर साखळीच्या खुणा शोधत लोक वाकून पाहतात, तेही मी पाहिले आहे. झाड उंचीने वाढते ते फांद्यांच्या टोकांशी. खोडावर कमरेच्या उंचीवर झालेली जखम शंभर वर्षांनीही त्याच उंचीवर राहते, एवढे बरोबर आहे. परंतु खोड दरवर्षी बाहेरून नवा थर चढवत जाते. जखम झालेले लाकूड बरे होत नाही. झाड त्याभोवती भिंत उभारते आणि वरून नवे लाकूड घालून ते झाकून टाकते. १८८० मध्ये साखळीने साल सोलली असेल, तर तो डाग आज जवळजवळ दीडशे थरांच्या आत असेल आणि झाड असेपर्यंत तिथेच राहील. बाहेरच्या सालीवर आज जे वण दिसतात ते फार नंतरचे, म्हणजे वाहनांच्या धक्क्याचे, छाटणीचे, खिळ्यांचे आणि माणसांच्या हातांचे आहेत. ध्वनिलहरींनी खोडाचा आडवा छेद पाहण्याचे यंत्र आता मिळते आणि त्यासाठी भोक पाडावे लागत नाही. त्यातून पोकळी कुठवर आहे ते कळू शकेल, परंतु साखळीचा डाग ओळखण्याइतके ते सूक्ष्म नाही.

कैदी बांधले गेल्याचा या झाडाला एक फायदा मात्र झाला असावा, असे मला वाटते. खाणीच्या यंत्रांना, भट्ट्यांना आणि चुलींना लाकूड लागे, आणि वाळवंटात मेस्किट व आयर्नवुड यांच्याइतके चांगले सरपण नाही. खाणींच्या आसपासची मेस्किटची राने त्या काळात मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. ज्या झाडाचे गावाला रोजचे काम होते, त्यावर कुऱ्हाड पडली नाही. हा माझा तर्क आहे, पण अनेक गावांतील एकटी उरलेली जुनी झाडे पाहून तो बळकट होत गेला आहे. महाराष्ट्रात पाराखालची, देवळापुढची आणि बाजारतळावरची झाडे राहिली, कारण ती कोणाच्या तरी उपयोगात होती.

१८९० हे वर्ष पाटीवर शेवटचे म्हणून दिलेले आहे. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला नदीच्या वरच्या अंगाला असलेले वॉलनट ग्रोव्ह धरण फुटले. रात्रीच्या त्या लोंढ्यात अनेकांचे जीव गेले, नदीकाठची शेती खरवडून निघाली आणि हेन्री विकनबर्गचीही शेते गेली. जिला वर्षभर वाळू म्हणून पाहायचे तीच नदी एका रात्रीत अशी वागू शकते. पुढे १८९५ मध्ये रेल्वे आली, मग मोटारी आल्या, फिनिक्सकडून येणारा महामार्ग गावाच्या मधून गेला आणि झाडाभोवतीची माती हळूहळू बंद होत गेली.

इथे आपल्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळते. डांबर आणि काँक्रीट यांमुळे झाडाची आडवी मुळे जवळजवळ निकामी होतात. पाणी आत जात नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मातीतली हवा कोंडते. मुळांना श्वास लागतो, ही गोष्ट बांधकाम करणाऱ्यांना पटवून देण्यात माझी अर्धी कारकीर्द गेली आहे. दुसरे एखादे झाड अशा अवस्थेत दहा-वीस वर्षांत वाळले असते. मेस्किटजवळ सोटमूळ असते, म्हणून ते तग धरते. परंतु याचा दुसरा अर्थ असा की वरचा आधार जितका बंद होईल तितके झाड खालच्या पाण्यावर अवलंबून राहते, आणि खालचे पाणी उतरले तर त्याच्याकडे दुसरा उपाय उरत नाही. ॲरिझोनात हे घडलेले आहे. कासा ग्रांदे येथील प्राचीन अवशेषांच्या राखीव क्षेत्रात मेस्किटचे दाट रान होते. आसपासच्या शेतीसाठी पंप लागले, पाण्याची पातळी मुळांच्या आवाक्याबाहेर गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते रान उभ्या-उभ्या मेले. टूसॉनच्या दक्षिणेकडील सॅन झेवियरचे प्रसिद्ध मेस्किटवन संपण्यातही, लाकूडतोडीच्या जोडीला, उतरलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. कासा ग्रांदेला तर कोणी कुऱ्हाड चालवली नाही, कोणी विष घातले नाही. मूळ वाढण्याचा वेग आणि पाणी उतरण्याचा वेग यांच्या शर्यतीत तरुण झाड कधीकधी जिंकते, म्हातारे झाड क्वचितच. म्हणून कोणी मला विचारले की या झाडाला सर्वांत मोठा धोका कोणता, तर गर्दीकडे किंवा वाहनांकडे बोट न दाखवता मी गावाच्या आणि खोऱ्याच्या विहिरींकडे दाखवीन. झाडाची काळजी घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर जवळच्या निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीचा तक्ता असायला हवा.

प्रत्यक्ष निगेबद्दल मी जे करीन ते सांगते. खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे सर्वसाधारण झाडाचे किमान संरक्षित क्षेत्र मानतात. जुन्या, मानाच्या झाडासाठी ते पंधरा पट धरावे. खोड साठ सेंटिमीटरचे असेल, तर चारी बाजूंनी नऊ मीटर. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एवढी जागा मिळणार नाही हे मला माहीत आहे, तरी मागणी तेवढीच करावी. मग जिथे जमेल तिथे डांबर काढून हाताने, हवेच्या झोताने माती मोकळी करून, त्यावर लाकडाच्या चुऱ्याचे किंवा खडीचे आच्छादन द्यावे. यंत्राने खोदू नये. फिनिक्स परिसरात एका वाहनतळाच्या कामात ठेकेदाराने माझी लेखी सूचना बाजूला ठेवून एका जुन्या मेस्किटच्या तीन बाजूंनी दोन-दोन फूट चर खणले होते. झाड त्या वर्षी हिरवेच राहिले आणि सर्वांनी मला अतिसावध ठरवले. दुसऱ्या वर्षीच्या जुलैतील वादळात ते मुळासकट आडवे झाले. तुटलेल्या आडव्या मुळांनी पाणी देण्याचे काम तर थांबवलेच होते, पण झाडाला धरून ठेवण्याचे कामही थांबवले होते, हे आम्हाला तेव्हा दिसले. पानांवरून मुळांची अवस्था लगेच कळत नाही, मेस्किटमध्ये तर मुळीच कळत नाही.

पाणी द्यायचे असेल तर क्वचित आणि खोल द्यावे. कडक उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा, खोडापासून दूर, फांद्यांच्या परिघाखाली, सुमारे नव्वद सेंटिमीटर खोलीपर्यंत माती भिजेल इतके. लोखंडी सळई मातीत दाबून ती सहज कुठवर जाते यावरून खोली कळते. रोज थोडेथोडे पाणी देणे हे प्रेमापोटी केले जाणारे नुकसान आहे. त्याने वरवरची मुळे माजतात, शेंडा जड होतो आणि पहिल्या वादळात झाड कलंडते. फिनिक्समधील बंगल्यांपुढे लावलेली मेस्किटची झाडे दर पावसाळ्यात पडतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. छाटणीबाबत मी फार कठोर आहे. वाळलेले आणि खरोखर धोक्याचे तेवढेच काढावे. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला झुपके ठेवण्याची जी पद्धत रूढ आहे, तिने फांदीचे वजन टोकाकडे जाते आणि आतापर्यंत सावलीत असलेली साल उन्हाने भाजून फुटते. एखादी आडवी फांदी फार खाली आली असेल तर ती कापण्यापेक्षा तिला टेकू द्यावा. पोकळीत सिमेंट भरू नये, जखमेवर रंग लावू नये.

बांडगुळाबद्दलही लोक विचारतात. ॲरिझोनातील मेस्किटवर वाळवंटी बांडगूळ येते, आणि फायनोपेप्ला नावाचा काळा, तुरेवाला पक्षी त्याची फळे खाऊन बी पसरवतो. दोन-तीन गुच्छ असतील तर घाबरण्याचे कारण नाही आणि ते पक्ष्याचे अन्नही आहे. फांदीफांदीवर गुच्छ दिसू लागले, तर मात्र झाडावर पाण्याचा ताण आहे का हे तपासावे.

आपण पाराचा उल्लेख केला आहे आणि या झाडाभोवती आपल्यासारखा पार बांधला असता तर बरे झाले असते, असे म्हटले आहे. पाराविषयी मला आपल्याइतकीच माया आहे, पण मूळ जमीन जिथे होती त्याच्या वर दगड-मातीचा थर चढवून केलेल्या पाराने खोडाचा तळ गाडला जातो, साल सतत ओली राहते आणि कालांतराने कुजते. वड-पिंपळ हे सोसतात, मेस्किट सोसणार नाही. बसायची सोय करायचीच असेल तर मूळ जमिनीला न दाबणारे, खांबांवर टेकलेले बाक खोडापासून दूर ठेवावेत.

आपण पुन्हा त्या वाटेने जाणार आहात, म्हणून काय पाहावे तेही लिहिते. शक्य असल्यास एप्रिलमध्ये जावे. थंडीत पाने गाळलेले मेस्किट शेवटचा गारठा जाईपर्यंत सहसा फुटत नाही, आणि तिकडचे शेतकरी त्यावरूनच थंडी संपल्याचे ओळखतात. पालवी शेंड्यापर्यंत सारखी फुटली आहे की वरची टोके काठीसारखी कोरडी राहिली आहेत, हे पाहावे. टोके वाळू लागली असतील तर पाणी कमी पडते आहे. मग खोडाच्या तळाशी पाहावे. खोड जमिनीत शिरताना पायासारखे पसरट होते का, की खांबासारखे सरळ घुसते? सरळ घुसत असेल तर तळ भरावाने झाकला गेला आहे. खोडावरच्या काळ्या ओघळांना घाबरू नये, तो डिंक आहे. त्यानंतर गावाच्या आग्नेयेला काही किलोमीटरवर असलेल्या हॅसयाम्पा नदीच्या संरक्षित क्षेत्रात जावे. गावापाशी वाळूखालून गेलेली नदी तिथे जमिनीवर येते आणि वर्षभर वाहते. काठाला कॉटनवुड आणि विलोची उंच झाडे आहेत आणि त्यांच्या मागे मेस्किटचे रान. जून महिन्यातही तिथे पाऊल भिजेल इतके पाणी असते. त्या पाण्याची पातळी जोवर टिकून आहे, तोवर टेग्नर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे झाडही टिकेल असे मला वाटते.